सहा नंबरला साडेनऊ

माझ्या नाकाबद्दल मी स्वतः काही बोलू नये. पण दुसरं कोणी बोलत नाही, म्हणून मलाच बोलावं लागतं!

आमच्या घराण्यात कोणाला गळा मिळाला, कोणाला अक्षर मिळालं, एका चुलत्याला तर सत्तरीपर्यंत टिकणारे केस मिळाले. मला नाक मिळालं. दिसायला साधंच, मध्यम बांध्याचं. पण काम बघाल तर! शेजारच्या इमारतीत गॅस गळत होता, तो मी आमच्या बाल्कनीत बसून ओळखला. फ्रीज उघडायच्या आधी आतलं काय खराब झालंय ते सांगतो. पाहुणे जिन्यात असतानाच कोण आलंय ते सांगतो, आणि कपडे कधी धुतलेत तेही सांगतो. (हे मनात.) बायको म्हणते, "यात एवढं सांगण्यासारखं काय आहे? कुत्र्यालाही येतं." पण ती शाळेत गणित शिकवते. कौतुक हा तिच्या अभ्यासक्रमातला विषय नाही.

तिची धाकटी बहीण मात्र माझ्या नाकाची पक्की भक्त. दोन वर्षांपूर्वी प्रयोगशाळेतली चांगली नोकरी सोडून तिने घरच्या घरी सेंट बनवायला सुरुवात केली. पहिली बाटली तयार झाली तेव्हा सगळे नातेवाईक हुंगून "छान, छान" म्हणाले. मी हुंगलं आणि म्हणालो, "ओल्या खोक्याचा वास येतोय." बायकोने टेबलाखालून माझ्या नडगीवर लाथ मारली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मेव्हणीचा फोन. "भावोजी, तुमचं खरं निघालं! ज्या कपाटात मी सामान ठेवलं होतं ना, त्याच्या तळाशी खरंच भिजलेली खोकी निघाली." त्या दिवसापासून माझ्या नाकाखालून गेल्याशिवाय तिची एकही बाटली घराबाहेर पडत नाही.

तर अशा या नाकावर विसंबून ती त्या गुरुवारी संध्याकाळी आमच्याकडे आली. हातात लाकडी डबी. डबीत बोटभर उंचीच्या सात बाटल्या, प्रत्येकीवर चिठ्ठी, चिठ्ठीवर एक ते सात आकडे. नाव नाही, गाव नाही.

"पुढच्या शुक्रवारी अकरा वाजता मोठ्या दुकानाच्या खरेदीवाल्या बाईंनी वेळ दिलीय," ती म्हणाली. "एकच सेंट न्यायचं, असं त्यांनी बजावलंय. आवडलं, तर दुकानात एक अख्खं कपाट माझं. नाही आवडलं, तर मी प्रयोगशाळेत परत जाते. साहेबांनी माझी जागा अजून ठेवलीय, पण महिनाअखेरपर्यंतच."

"मग यातलं एक निवड आणि ने," बायको म्हणाली.

"ताई, चार महिने मी हेच हुंगतेय. माझं नाक बधिर झालंय. भावोजी, तुम्ही रोज एक लावा, दिवसभर वावरा, आणि वहीत दहापैकी मार्क द्या. बाकीचे सगळे सगळ्याला छानच म्हणतात. खरं बोलणारे तुम्ही एकटेच!"

माणसाची छाती फुगायला आणखी काय लागतं? "काळजी सोड," मी म्हणालो. "शुक्रवारी तू त्या बाईंसमोर जी बाटली ठेवशील, ती या नाकाने निवडलेली असेल!"

हे वाक्य संपलं आणि मला पहिली शिंक आली.

सर्दी रात्रभरच टिकली. सकाळी उठलो तर डोकं हलकं, घसा मोकळा. खुशीत स्वयंपाकघरात गेलो. गॅसवर दूध होतं. "जरा लक्ष ठेवा," असं सांगून बायको अंघोळीला गेली. मी शेगडीपासून हातभर अंतरावर बसून पेपर वाचत होतो. एवढ्यात ओल्या केसांनी ती धावत आली.

"अहो! दूध करपलं! वास येत नाही का?"

मी मान वर केली. स्वयंपाकघर धुराने भरलं होतं. पातेल्यात जे काही उरलं होतं त्याला दूध म्हणणं धाडसाचं होतं.

"जरा विचारात होतो," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे बघितलं, पातेल्याकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे बघितलं. मग पातेलं घासायला घेतलं.

मी डबी घेऊन बाथरूममध्ये घुसलो. एक नंबरची बाटली उघडली आणि हुंगलं. काही नाही. नाकपुडीत घालून हुंगलं. काही नाही! साबण हुंगला, फिनेल हुंगलं, शेवटी स्वतःचा कालचा मोजा हुंगला. एरवी त्या मोज्याने मला दोन पावलं मागे लोटलं असतं. आज कोऱ्या कागदासारखा! सर्दी गेली होती आणि जाताना माझं नाक सोबत घेऊन गेली होती.

तुम्ही म्हणाल, सरळ फोन करून सांगायचं. तुमचं बरोबर आहे. पण "खरं बोलणारे तुम्ही एकटेच" असं जिने म्हटलं, तिला नेमकं हेच खरं सांगायला माझी जीभ रेटेना. शिवाय वाटलं, दोन दिवसांत येईल परत. नाकच ते, जाऊन जाऊन जाणार कुठे? आणि तोपर्यंत माझ्याकडे एक युक्ती होती. मला वास येत नसला म्हणून काय झालं, जगाला तर येतो! सेंट लावायचं, समोरच्याचा चेहरा वाचायचा आणि मार्क द्यायचे.

युक्तीत काही खोट नव्हती. फक्त मी कुठे काम करतो, हे मी विसरलो होतो.

मी दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसतो.

सकाळी साडेनऊला पहिल्या बाई आल्या. उंच, अंगात करडा कोट. काउंटरशी आल्या, माझ्याकडे बघितलं, तोंड वेडंवाकडं केलं आणि रुमाल लावला. मी वहीत लिहिलं: 'नंबर एक. सुरुवात उग्र.' पाठोपाठ टोपीवाले आजोबा आले. त्यांच्या डोळ्यांत टचकन पाणी! मी लिहिलं: 'पुढे तिखट होतो. डोळ्यांना लागतो.' अर्ध्या तासाने एक जाडगेले गृहस्थ डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर आले. मी मनगट मुद्दाम त्यांच्यासमोर नाचवलं. त्यांच्या अर्ध्या चेहऱ्यावर काही हालचालच नाही. 'शेवट सपाट,' मी लिहिलं.

दुपारी माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ही मंडळी माझ्यामुळे तोंड वेडंवाकडं करत नव्हती. ती तशीच घरून निघतात!

हताश होऊन घरी आलो. बायकोने दार उघडलं, माझी पिशवी घेऊन खाली ठेवली आणि काय सांगू, माझा हात हातात घेतला! एकोणीस वर्षांच्या संसारात तिने यापूर्वी माझा हात धरला होता तो रस्ता ओलांडताना. आज मात्र मनगट धरून, डोळे मिटून, मान थोडी खाली करून ती क्षणभर उभी राहिली. मग आत गेली. मी दारातच उभा. कानापर्यंत गरम झालो होतो.

मला वाटलं, एक नंबर जिंकला! पण शनिवारी दोन नंबर लावला, तरी तिने हात धरला. रविवारी मी घरीच होतो. संध्याकाळ झाल्याबरोबर येऊन धरला. सोमवारी धरला, मंगळवारी धरला. संसाराच्या दृष्टीने आनंदीआनंद होता, पण मार्कांच्या दृष्टीने उपयोग शून्य. सगळ्यांनाच सारखं यश आलं तर पहिला नंबर काढायचा कोणाचा?

इकडे वही तर भरायला हवी. वास येत नसला की शब्द फार सुचतात, हा माझा अनुभव. 'नंबर दोन: जुन्या पुस्तकाचं पान हळूच उलटावं तसा.' 'नंबर तीन: आधी लाजतो, मग बोलतो.' 'नंबर चार: पाहुणा जायला निघतो आणि दारात तासभर उभा राहतो, तसा रेंगाळतो.' रोज सकाळी उठून पहिल्यांदा उशी हुंगायचो. उशीला वास नाही. आज सांगू, आज सांगतोच, असं म्हणत बुधवार उजाडला. मार्कांच्या रकान्यात अजून एकही आकडा नव्हता.

बुधवारी दुपारी दवाखान्यात मेव्हणीचा फोन आला.

"भावोजी, एक गोष्ट लपवली होती. रागावू नका हं."

"बोल ना."

"सातातल्या एका बाटलीत नुसतं स्पिरिट आहे. मिनिटभरात उडून जातं, मागे वासबीस काही नाही. तपासणीत एक तशी ठेवायचीच असते. तुमच्यापासून काय लपणार म्हणा! ओळखली असेलच ना?"

"पहिल्याच हुंगण्यात!" माझं तोंड म्हणालं. तोंडावर माझा ताबा कधीच नव्हता.

"वाटलंच मला! कोणती?"

"सगळं एकदम सांगतो. उद्या चार वाजता."

फोन ठेवला तेव्हा रिसीव्हर घामाने ओला झाला होता. आतापर्यंत प्रश्न आवडीनिवडीचा होता. चुकलो तरी 'ज्याची त्याची आवड' म्हणून सुटलो असतो. आता मात्र सातांतलं एक उत्तर सरळ सरळ चूक होतं, आणि मी तेच बरोबर म्हणून सांगितलं तर नाक तर जाणारच, अब्रूही जाणार! माझ्या अब्रूचं एक वेळ सोडा, पण पोरीचं दोन वर्षांचं कष्टाचं काम माझ्या थापेवर लटकलं होतं. दुपारचा डबा मी तसाच परत नेला.

त्या दिवशी मनगटावर सहा नंबर होता. घरी आल्यावर बायकोने हात धरला, आणि यावेळी सोडेचना! एकदा डोळे मिटले, उघडले, पुन्हा मिटले. मनगट फिरवून आतली बाजू बघितली. चांगली दोन मिनिटं! माझं काळीज असं धडधडत होतं की मनगटातली नाडी तिला मोजता आली असती.

"आज कसा वाटतोय?" मी घोगऱ्या आवाजात विचारलं.

"तुम्ही सांगा," ती हात सोडत म्हणाली. "नाक तुमचं."

गुरुवारी सकाळी मी दवाखान्यात अर्धा तास आधी पोहोचलो. रात्री अंथरुणात तळमळताना एक योजना सुचली होती, आणि ती इतकी सुंदर होती की मला माझाच अभिमान वाटला. आमच्या बाहेरच्या खोलीत पेशंटना बसायला ओळीने किती खुर्च्या आहेत माहीत आहे? सात!

डॉक्टरांच्या खोलीच्या दाराशी पहिली, रस्त्याच्या दाराशी सातवी. मी पहिल्या खुर्चीच्या पाठीला एक नंबरचं सेंट लावलं, दुसरीला दोन नंबरचं, असं करत सातवीपर्यंत गेलो. बोटभर लावावं की हातभर, हा प्रश्न आला. मला वास येत नव्हता, म्हणून मनाचा मोठेपणा दाखवला. उरलेल्या बाटल्या बुचं लावून शर्टाच्या खिशात टाकल्या आणि काउंटरमागे वही उघडून बसलो. आता लोकच सांगतील. माणूस तोंडाने खोटं बोलेल, बुडाने बोलणार नाही!

दारातून करड्या कोटातल्या उंच बाई आल्या. सातही खुर्च्यांकडे बघितलं, थोडं हुंगल्यासारखं केलं आणि सरळ सहाव्या खुर्चीवर जाऊन बसल्या. मी एक रेघ मारली. मग एक कॉलेजातली मुलगी आली. सहावी भरलेली बघून पाचवीवर बसली. पण बाई आत गेल्या रे गेल्या की उठून सहावीवर! दुसरी रेघ. टोपीवाले आजोबा आले, ते तर सहावीपाशी जाऊन उभेच राहिले. "मुली, तुझा नंबर आहे ना? मग ऊठ की." तिसरी रेघ. अकरा वाजेपर्यंत सहा नंबरसाठी दोघांची चक्क बाचाबाची झाली. एक नंबरच्या खुर्चीकडे मात्र कोणी ढुंकून बघेना. एक गृहस्थ नाइलाजाने तिथे टेकले, आणि आतल्या मशीनचा घूंऽऽ आवाज झाला तसे उठून उभे राहिले.

मला गहिवरून आलं. इतका स्वच्छ निकाल! सहा नंबर म्हणजे सगळ्यांचा लाडका. आणि काल बायकोने दोन मिनिटं हात धरला तोही सहाच! मी वहीत ठसठशीत लिहिलं: 'सहा: साडेनऊ.' पूर्ण दहा दिले नाहीत, कारण मी कडक परीक्षक आहे. आणि ज्याच्याकडे कोणी वळत नाही, ज्यात काही रामच नाही, ते नुसतं स्पिरिट. 'एक: शून्य.'

या आनंदात खोलीत काय चाललंय याकडे माझं लक्ष नव्हतं. कोणीतरी खिडकी उघडली. कोणीतरी दुसरी उघडली. कॉलेजातली मुलगी ओढणीत तोंड खुपसून बसली. एक आजी म्हणाल्या, "लग्न आहे का कोणाचं आत?" मी हसून मान डोलावली.

पावणेचारला आतून डॉक्टर ओरडले, "अहो काउंटर! आजोबांची फाईल आणा!"

फाईल घेऊन मी आत गेलो. सकाळी तपासून गेलेले टोपीवाले आजोबा मापासाठी परत आले होते; खुर्चीत आडवे, तोंड वासलेलं. कवळीचं माप घेण्यासाठी डॉक्टरांनी गुलाबी लगद्याने भरलेला ट्रे त्यांच्या वरच्या जबड्यावर दाबून धरला होता. "तीन मिनिटं हलायचं नाही," असं डॉक्टर त्यांना सांगत होते. माझ्यामागून बाहेरच्या खोलीतली हवा आत शिरली, त्यात मी स्वतः, माझा खिसा. आजोबांच्या नाकपुड्या फुगल्या. डोळे मोठे झाले. डॉक्टर म्हणाले, "नाही, नाही, नाही..."

आणि आजोबा शिंकले!

काय शिंक होती! ट्रे डॉक्टरांच्या हातातून सुटला आणि डोक्यावरून उडाला. मी आयुष्यात कधी झेल पकडलेला नाही, पण त्या क्षणी मला वाटलं, हा मी पकडणार. झेपावलो आणि फरशीवर पालथा पडलो. छातीखाली कर्रकन काहीतरी फुटलं. ट्रे भिंतीवरच्या 'रोज दोनदा दात घासा' या चित्रातल्या हसऱ्या माणसाच्या तोंडावर जाऊन चिकटला.

डॉक्टरांनी आधी मास्क लावला, मग मास्कवर हात धरला. "काय अंगावर ओतून घेतलंय हे? बाहेर व्हा! घरी जा! अंघोळ करा, दोनदा करा, आणि उद्या या!"

मी जिन्यात येऊन उभा राहिलो. शर्ट पुढून ओला, खिशात काचा. इतक्यात मोबाइल वाजला. चार वाजले होते.

"बोला भावोजी!" मेव्हणीचा आवाज नुसता उड्या मारत होता. "कोणती नेऊ?"

"सहा," मी म्हणालो. काहीही झालं तरी निकाल माझ्याकडे होता. "साडेनऊ मार्क. डोळे मिटून ने."

"सहा?"

"सहा! सगळे त्याच्यामागे धावतात. पुराव्यानिशी सांगतो."

"आणि स्पिरिटची कोणती?"

"एक. तिच्यात काहीच नाही. एकदम फुसकी."

मला वाटलं फोन कट झाला.

"भावोजी," ती म्हणाली. आवाज इतका बारीक की मला कान दाबून ऐकावं लागलं. "सहा नंबरमध्येच नुसतं स्पिरिट आहे."

मी पायरीवर बसलो.

"आणि एक नंबर माझं सगळ्यात आवडतं. चार महिने मी त्यासाठीच..." ती थांबली. "म्हणजे नुसतं स्पिरिट माझ्या सगळ्या सेंटांपेक्षा बरं. आणि माझं आवडतं म्हणजे काहीच नाही. माझंच नाक मला फसवत होतं. बरं झालं तुम्ही खरं सांगितलंत. मी उद्या जात नाही. साहेबांनाच फोन करते."

"अगं थांब! माझं नाक गेलंय! शुक्रवारपासून! मला कसलाच वास येत नाही, मी सगळं ठोकून दिलंय!"

"समजूत काढू नका भावोजी," ती रडू आवरत म्हणाली. "तुमच्या नाकाला काय होणार?" आणि फोन ठेवला.

बघा कशी गंमत आहे. आठवडाभर खोटं बोललो, ते अक्षरन्‌अक्षर पटलं. एकदाच खरं बोललो तर विश्वास बसेना! एकोणीस वर्षं जी फुशारकी मारली, तिने आज माझाच गळा धरला. मला इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती. साहेबांना फोन जायच्या आत तिच्या घरी पोहोचायला हवं होतं. मी पळत सुटलो.

बस मिळाली. मी आत चढलो आणि बघतो तर काय, लोक आपणहून बाजूला झाले! एकाने उठून जागा दिली आणि मागे जाऊन उभा राहिला. शेजारचाही उठला. पुढची बाकंही रिकामी झाली. कंडक्टरने सगळ्या खिडक्या उघडल्या. माझ्या चेहऱ्यावरचं दुःख परक्या माणसांनासुद्धा कळतंय, हे पाहून माझे डोळे भरून आले. माणुसकी अजून शिल्लक आहे, असं मला वाटलं.

मेव्हणीच्या दाराची घंटा मी सोडलीच नाही. तिने दार उघडलं. डोळे सुजलेले, एका हातात फोन. "साहेब उचलत नाहीयेत," असं ती म्हणत होती. ते वाक्य अर्ध्यात तुटलं, ती दोन पावलं मागे गेली आणि तिने नाकाला ओढणी लावली.

"भावोजी! हे काय लावून आलात?"

"कुठे काय?" मी अगदी मनापासून म्हणालो. "मला तर काही वास येत नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. माझ्या शर्टाकडे, त्यातून टपकणाऱ्या थेंबांकडे, खिशातून डोकावणाऱ्या फुटक्या काचेकडे बघितलं. मग धावत आत गेली, एक वाटी घेऊन आली आणि लांबूनच हात लांब करून माझ्या नाकाशी धरली.

"कशाचा वास येतोय?"

मी जीव खाऊन हुंगलं. "पाणी आहे का?"

"व्हिनेगर!" ती ओरडली. आणि मग ती हसायला लागली. इतकी हसली, इतकी हसली की भिंतीला टेकून खालीच बसली. हसता हसता पुन्हा रडली, पण ते रडणं वेगळं होतं. मला कोणीतरी आंधळेपणाचा दाखला द्यावा तसं वाटत होतं, तरी माझ्या जिवात जीव आला.

"पण मग माझं सेंट चांगलं आहे की वाईट?" ती डोळे पुसत म्हणाली. "हुंगलं तर कोणीच नाही!"

"मी हुंगलंय," मागून आवाज आला.

दारात बायको उभी होती. उद्या शुक्रवार, म्हणून शाळेतून परस्पर आली होती. तिने एकदा माझ्याकडे बघितलं, रुमाल नाकाला लावला, पर्स उघडली आणि चौकटीच्या वहीचा एक कागद बहिणीच्या हातात दिला. लाल शाईत, एकाखाली एक, नीट ओळीत:

'१: ९. रात्रीपर्यंत टिकतो. २: ६. ३: ५॥. गोडपणा जास्त. ४: ७. ५: ४. डोकं दुखतं. ६: ०. काही नाही, दोनदा तपासलं. ७: आज बघायचा आहे.'

मेव्हणीने तो कागद छातीशी धरला. "नऊ! ताई, तू कधी कोणाला नऊ दिलेत?"

"दिले नाहीत," बायको म्हणाली. "आधी साडेआठ दिले होते. मग पुन्हा तपासलं."

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"दूध करपलं त्या दिवशीच. घर धुराने भरलंय आणि तुम्ही हवामानाचा अंदाज वाचताय!"

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही कधी बोलताय याची वाट बघत होते," ती म्हणाली. "रोज."

हे तिने रागाने म्हटलं असतं तर बरं झालं असतं. मी खाली मान घातली. आणि खाली मान घातल्यावर मला माझं मनगट दिसलं.

"म्हणजे रोज संध्याकाळी तू माझा हात..."

"मग? सेंट तुमच्याच मनगटावर होतं ना!"

"आणि काल? दोन मिनिटं?"

"वासच सापडेना. मला वाटलं, माझंही नाक गेलं."

इतिहासजमा झालेल्या त्या सहा संध्याकाळींबद्दल मी यापेक्षा जास्त काही लिहू इच्छित नाही.

शुक्रवारी मेव्हणी एक नंबर घेऊन गेली. बाराच्या सुमाराला तिचा फोन आला. खरेदीवाल्या बाईंनी मनगटावर लावलं, फायली चाळल्या, चहा घेतला, आणि तेवढ्या वेळात चार वेळा स्वतःचं मनगट हुंगलं म्हणे. कपाट मिळालं! दवाखान्यातल्या खुर्च्या मी स्वतः साबणाने घासल्या. आता त्यांना कसलाही वास नाही, पण लोक अजूनही सहावीसाठीच भांडतात. एकदा मी सगळ्यांवर बसून बघितलं. पहिलीत मशीनचा आवाज थेट कानात येतो. सातवीला रस्त्याचं दार उघडताना गुडघ्यावर आपटतं. बाकी मी काही बोलत नाही.

दहा दिवसांनी माझं नाक परत आलं. कोणालाही सांगितलं नाही. पुरेसं सांगून झालं होतं. त्या संध्याकाळी घरी पोहोचलो, बायकोने दार उघडलं, आणि सवयीने म्हणा की काय म्हणा, मी हात पुढे केला.

"आता काय?" ती म्हणाली. "सेंटं संपली ना?"

"संपली. असंच."

तिने क्षणभर माझ्याकडे बघितलं. मग मनगट हातात घेतलं, डोळे मिटले आणि हुंगलं. मी श्वास रोखून उभा.

"लवंगेचं तेल," ती म्हणाली. "साबण. आणि घाम. चार."

"फक्त चार?"

"बघू, पुन्हा तपासते," ती म्हणाली, आणि हात सोडला नाही.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून दूध करपल्याचा वास आला. अगदी स्पष्ट! तिला अजून पत्ताच नव्हता. शेवटी घरात तेज नाक कोणाचं, हे सिद्ध करायची याहून मोठी संधी मला पुन्हा मिळणार नव्हती.

मी काही बोललो नाही.